उन्हाच्या बाजूला

आबा, तुमच्या नातीनं कॉलेजात जाणं सोडलंय. आजारी नाही, प्रेमाबिमात नाही. तिला उन्हाची भीती वाटते. हसू नका. क्रांती चौकात भर दुपारी एक रिक्षावाला भोवळ येऊन पडलेला तिनं पाहिला, तेव्हापासून हे सुरू झालं. उठल्या उठल्या मोबाइलवर तापमान बघते, आणि जेवताना मधेच विचारते, "आई, मी तुझ्या वयाची होईन तेव्हा इथं राहता येईल का गं?" मग ताट बाजूला सारते. मनाचे डॉक्टर म्हणाले, भीती खरी आहे, थट्टा नको, घाईही नको. पण त्याआधीच मी बोलायचं ते बोलून चुकले होते : "आम्ही काय दुष्काळ बघितले नाहीत? ऊठ, बॅग घे!" ती म्हणाली, "तुमच्या दुष्काळानंतर पाऊस यायचा, आई."

सोयगावकडच्या माळावरची एक दुपार सारखी आठवते. मी लहान. मेंढरं चरायची थांबली आहेत, दाटीवाटीनं उभी आहेत, प्रत्येकानं मुंडकं दुसऱ्याच्या पोटाखाली घातलेलं. मला वाटतं आळसावली, म्हणून मी काठीनं एक कोकरू बाहेर काढते. तुम्ही काठी हिसकावता.

"हाकलू नगं त्याला, पोरी. सावली हुडकतंय ते."

"पण कडंच्याला कुठं हाय सावली?"

तुम्ही डोक्यावरचं घोंगडं सारखं करता आणि उन्हाच्या बाजूला जाऊन उभे राहता. एका माणसाच्या सावलीत मावून मावून किती मेंढरं मावणार? तरी ऊन उतरेपर्यंत तुम्ही हलला नाहीत.

काल दुपारी वीज गेली. पंखा थांबला तशी तुमची नात आली आणि तिनं माझ्या कुशीत डोकं खुपसलं, एवढी मोठी घोडी. मी सरकून खिडकीला पाठ लावून बसले. पाठ भाजत होती. तिनं विचारलं, "आई, तुला नाही भीती वाटत?"

"छे," मी म्हणाले. किती दिवसांनी तिला शांत झोप लागली.

खोटं बोलले, आबा. मला लई भीती वाटते. त्या माळावर तुम्हालाही वाटत होती का, ते विचारायचं राहूनच गेलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असता तर हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि माझ्या भीतीची ओळ मी तुमच्यापुढंही गाळली असती.