जिभेवरचा न दुखणारा फोड

४ मार्च
दुखत नाही! हेच कळत नाही. जिभेच्या टोकाशी फोड — कडा टणक, मधे खोलगट. तिखट झोंबत नाही, गरम चटकत नाही. तरी दात सारखे तिथेच.

आज स्थानकावर माइकवर गाड्या पुकारताना 'साडेसहा'चा 'स' घसरला. तिकीट-खिडकीवाल्या मैत्रिणीने काचेवर टकटक केलं. "अगं, तोंडात गोळी धरलीयस का?"

६ मार्च
तसाच आहे. नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला, "उष्णता असेल."

१० मार्च
जबड्याखाली गाठ लागली हाताला.

बाबांचंही असंच. आधी जीभ, मग गाठ, मग नाकातली नळी. ह्याला सांगितलं. त्याने पेपर खाली ठेवला. मग पाठीवरून हात फिरवत राहिला. "काही नसेल गं." — बाबांनाही आपण हेच सांगत होतो! मी रडले, खूप रडले. तो उठून सूप करायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा कांदा चिरला असेल! किती जीव लावतो.

११ मार्च
दातांच्या डॉक्टरीणबाई. जीभ चिमटीत धरून दाबून पाहिली. "दुखतंय?" नाही. "अजिबात नाही?" ह्याला बाहेर बसायला सांगितलं. मग हळूच — "मुखावाटे संबंध येतो का?" कान तापले माझे. होकाराची मान हलवली. "लाजू नका. संबंधातून होणारे रोग तोंडातही दिसतात, फक्त कुणाच्या डोक्यात येत नाही. रक्त तपासू."

बाहेर आले तर हा दारातच उभा. "काय विचारत होत्या?" रक्त तपासायचंय, म्हटलं. बाकीचं सांगवेना.

१२ मार्च
गाडी तीनवर, पुकारली पाचवर. माणसं सामानासकट धावली. साहेबांनी झापलं. लक्षच लागत नाही!

१४ मार्च
कर्करोग नाही!!

सिफिलिस. मी चक्क हसले. बाई बघतच राहिल्या. "कमरेत इंजेक्शन घेतलं की बरं होतं. काही महिन्यांनी रक्त पुन्हा बघू. आणि नवऱ्याची तपासणी करायलाच हवी." मी हो हो करत इंजेक्शन घेतलं. जगले, एवढंच डोक्यात.

जिन्यात अर्ध्यावर आले आणि पाय थांबले. मला झालं — कुणामुळे? माझ्या आयुष्यात ह्याच्याशिवाय कोण आहे?

कठडा धरून बसले. इंजेक्शनची बाजू ठणकत होती. घरी आल्यावर फक्त "कर्करोग नाही" एवढंच सांगितलं. त्याने डोळे पुसले.

१५ मार्च
सकाळी रोगाचं नाव सांगितलं. म्हटलं, आज तपासणीला चल.

"माझं इंजेक्शन झालंय."

कधी?

"तुला फोड यायच्या आधी."