सोडा शेवटी

मरगिलान, १४ ऑक्टोबर

सनोबर वन्सं यांना मुअज्जमचा सलाम.

त्या सकाळी मी अंगण झाडलं, तंदूर पेटवला, भाकऱ्यांवर तीळ टाकले आणि सुताची लड रंगाच्या पातेल्यात सोडली. तुमच्या भावाला जाऊन वर्ष झालं, त्याचं जेवण होतं. बाहेर आचारी गाजरं चिरत होता.

तुम्ही बऱ्या असाल. गुडघ्याला शेकत जा. इथे डाळिंबं उतरली.

फोन केला नाही, कारण तुम्ही मध्येच "जाऊ दे गं" म्हणाल आणि मी खरंच जाऊ देईन.

हे असायचे तेव्हा आधी रंग, मग मीठ, मग सूत, आणि सूत चांगलं भिजल्यावरच धुण्याचा सोडा. मी घाई केली की ओरडायचे, "थांब, सोडा शेवटी." त्यांच्या पुस्तकातून मी नंतर कारण वाचून काढलं. रंगाच्या कणात एक जागा असते. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनची जोडी मोकळी असते, तो ती देऊन तिथे कायमचा जोडला जातो. त्याला न्यूक्लिओफाइल म्हणतात. सोडा पडला की सूत तसं होतं. पण पाण्यातूनही तसेच कण तयार होतात, आणि सूत जवळ नसलं तर तेच ती जागा घेतात. रंग दिसतो तसाच लाल. सुताला मात्र तो नुसता चिकटतो, जोडला जात नाही.

मला हे माहीत होतं. तरी सकाळी पाहुणे येणार म्हणून सोडा मी आदल्या संध्याकाळीच रंगात कालवून ठेवला. लड खळबळताना पाणी फार लाल गेलं, तेही पाहिलं. त्याच सुताचे अभ्रे विणून तुमच्या नव्या सुनेला, ओयदिनला, लग्नाच्या आहेरात दिले.

गेल्या गुरुवारी तुमच्याकडे ओयदिनने ते धुतले आणि तुमच्या दोनियोरचे पांढरे सदरे गुलाबी झाले. चहाला जमलेल्या आम्हा बायकांसमोर तुम्ही तिला म्हणालात, "पाणी किती तापवायचं, एवढंही आईने शिकवलं नाही?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मामी, पाणी गार होतं हो."

"वर तोंड करून बोलते," तुम्ही म्हणालात.

आणि मी चहाचा घोट घेऊन म्हटलं, "असू द्या वन्सं, पोर नवी आहे, शिकेल." सगळ्या म्हणाल्या, मुअज्जमचं मन मोठं.

ते पाणी गारच असणार. गार पाण्यातसुद्धा तो रंग टिकला नसता.

काल दोनियोरचा फोन आला. तुम्ही तिला माहेरी पाठवलंत, वळण लागेपर्यंत. पोरगा रडत होता. मी त्यालाही काही बोलले नाही. बोलले असते तर लोक म्हणाले असते, नवरा गेला आणि रंगही गेला. एवढ्यासाठी मी एका मुलीचं घर मोडू देत होते.

तिला परत आणा. तिला काही शिकवायची गरज नाही.

तुमची भावजय म्हणवून घ्यायला लाजणारी,
मुअज्जम

ता. क. हे काल लिहिलं. आज ओयदिनच्या माहेरी गेले, तिच्या आईसमोर आणि जमलेल्या शेजारणींसमोर पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं, आणि मग पाकीट चिकटवलं.