सेटचं लाकूड, लेकीचा मांडव

मी, रंगनाथ खंडेराव जेजुरकर, वय ६८, धंदा सिनेमाच्या सेटचं सुतारकाम, राहणार जेल रोड, नाशिक रोड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी असावं लागतं.

१. एकलहऱ्याच्या शेडमधला सगळा माल माझा पुतण्या महेश याला मिळावा. त्यात दारं, खिडक्या, प्लायवूडच्या भिंती, देवळाचे चार खांब आणि एका पोलीस ठाण्याची दर्शनी बाजू आहे. पॅकअप झालं की युनिटवाले गाड्यांत बसायचे आणि मागे सेट पेटवून द्यायचे. मी तो पेटायच्या आधीच उतरवून आणायचो, पुढच्या युनिटला भाड्याने द्यायचो. माझ्या एकाच दारातून पाच पिक्चरच्या नवऱ्या सासरी शिरल्या आहेत. अट अशी की महेशने यातलं काही जाळू नये, भंगारात घालू नये. थर्माकोल नदीत टाकणाऱ्या युनिटला पुन्हा खिळासुद्धा देऊ नये.

२. गोटीराम कंत्राटदार यास सरळ केलेल्या खिळ्यांचं पोतं द्यावं. १९९४ साली, आम्ही वीस दिवस खपून उभं केलेलं सेटवरचं गाव त्याने डिझेल ओतून पेटवलं. मी राखेतून खिळे वेचत होतो तेव्हा म्हणाला, "नाना, भंगारवाल्यागत काय करताय राव?" हेच ते खिळे. आता ठोक म्हणावं.

३. हत्यारं महेशच्या हाताखाली जो मन लावून काम करील त्याला द्यावीत. शोकेसमध्ये मांडणाऱ्याला देऊ नयेत.

४. राहतं घर माझी एकुलती एक मुलगी दीपमाला हिला. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल.

शेडमधल्या प्रत्येक वस्तूवर, ती कुठल्या सीनची, हे मी ऑइलपेंटने लिहून ठेवतो; पुढच्या वेळी शोधाशोध होत नाही. १९९८ साली दीपमालाच्या लग्नाचा मांडव मी शेडमधल्याच बांबूंचा घातला. सरळ, दणकट बांबू. नवे तोडायचे कशाला? लिहिलेली बाजू झालरीखाली दडवली. मंगलाष्टकं चालू असताना वाऱ्याने झालर उडाली आणि विहीणबाई नवसाबाईंनी मोठ्याने वाचलं, "तिरडी, नग चार."

"अगं बाई! पोरीच्या डोक्यावर तिरडीचे बांबू?"

मी हात जोडायला हवे होते. त्याऐवजी म्हणालो, "अहो, मेलं कोण होतं? नट उठून चहा प्यायला!" आणि चांगला बांबू वाया का घालवू नये, यावर अर्धा तास हुज्जत घातली. लग्न लागलं. पण दीपमाला माहेरी म्हणून पुन्हा आली नाही. सासर येवल्याला, एसटीने दोन तास. तिची आई कुसाबाई २००१ साली गेली, तेव्हाही ती परस्पर अमरधामला आली आणि तिथूनच परत गेली. दुखण्यात कुसा सारखी दाराकडे बघायची.

५. आतल्या खोलीतलं सागाचं कपाट दीपमालाचं. आयुष्यात पहिल्यांदा वखारीतून नवं लाकूड विकत आणलं. पावती वरच्या खणात आहे, तिच्या सासूबाईंना दाखवावी.

दीपे, माझं चुकलं. त्या दिवशी मी साऱ्या मांडवाशी भांडलो आणि तुझ्याकडे एकदाही बघितलं नाही. घर ठेव नाहीतर वीक. कपाट नको असेल तर नेऊ नकोस. पण नको म्हणायला तरी एकदा घरी ये. मी नसेन, म्हणजे माझ्याशी बोलावं लागणार नाही.

वरचं सगळं दोनदा वाचलं, खाडाखोड केली नाही, आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

सही: रंगनाथ खंडेराव जेजुरकर

साक्षीदार:
१. छाया निमसे, शेजारीण
२. सोमा कोठुळे, शेजारी

ठिकाण: नाशिक रोड
दिनांक: १२ फेब्रुवारी २००६