बुधवारचं बाक

५ फेब्रुवारी, बुधवार

आजही कोणी नाही. डॉक्टर आत वर्तमानपत्र वाचत बसले. मी दाराबाहेरच्या नावनोंदणीच्या टेबलाशी बसून टोक असलेल्या पेन्सिलींना पुन्हा टोक काढलं.

हिरव्या पिशवीवाली आली होती. व्हरांड्याच्या वळणापर्यंत येते, बाक बघते, चुकून इकडे आल्यासारखं तोंड करते आणि मागे फिरते. मागच्या बुधवारीही तेच. उठून तिच्यामागे जायला हवं होतं का? गेले असते तर ती पळत सुटली असती. नाही गेले म्हणजे कामात कुचराई. दिवसभर हेच डोक्यात.

पण बाक तरी कुठे ठेवलंय! समोर आरोग्य केंद्राचं फाटक, फाटकापलीकडे औषधाचं दुकान आणि बसथांबा. बाकावर टेकलेला माणूस अख्ख्या रस्त्याला दिसतो, आणि त्याच्या डोक्यावर पाटी — मनोविकार. हातभर मोठी अक्षरं. मी रुजू झाले तेव्हा हट्टाने पडदा लावून घेतला होता. आठवड्यात बोभाटा — आता तर वेड्यांना पडद्याआड ठेवतात म्हणे! पडदा काढला. आत बसवावं तर खोलीत डॉक्टरांचं टेबल मावतंय तेच नशीब.

निघताना मोठ्या बाईंनी (केंद्राच्या प्रमुख) बोलावलं. वरून विचारणा आली आहे. खोली अशीच रिकामी राहिली तर मार्चनंतर डॉक्टरांचा बुधवार दुसऱ्या केंद्राला देणार. मग इथल्या माणसाने अर्धा दिवस बसमध्ये घालवून मोठ्या इस्पितळात जायचं. कोण जाणार?

"पेशंट येत नाहीत म्हणजे सगळे ठणठणीत आहेत, असं धरतात ते," बाई म्हणाल्या.

६ फेब्रुवारी

आईने गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला. पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा! मी दुकानात शिरले तर इस्त्री कापडावर तशीच टेकवून समोर बघत उभी. इतक्या वर्षांत तिच्या हातून कधी साधा रुमाल जळला नव्हता. चष्म्याचा नंबर बदलला असणार. डोळे दाखवून घे म्हटलं, तर म्हणे, तू तुझे पेशंट बघ, साहेबीणबाई.

बाबा गेल्यापासून दुकान ती एकटी ओढते. न रडता, न थांबता. माझं कॉलेज त्याच इस्त्रीवर झालं — घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. ती मुलगी रिकाम्या बाकाची राखण करते, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाकावर माणूस! कोपऱ्यावरचे सलूनवाले काका. गाल धरून, डोळे मिटून बसले होते. मी अगदी मऊ आवाजात सांगितलं, बसा हं, घाई नाही, मनात येईल ते बोला. पाणी आणून दिलं. काकांनी एक डोळा उघडला. दाढ काढायला एवढी माया असते का, म्हणाले.

दातांची खोली पलीकडच्या टोकाला आहे. चुकून इथे टेकले होते.

डॉक्टर आत तोंडावर वर्तमानपत्र धरून हसत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

१५ फेब्रुवारी

काका तणतणत आले. बुधवारपासून सलून ओस. माणसं दारातूनच 'आता बरं वाटतंय ना?' विचारतात आणि सटकतात. मिशा फुटल्यापासून ज्यांची दाढी करत आले, ते वस्तरा हातात घेतला की खुर्चीतून उठतात. एकाने तर अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून घर गाठलं! काकांचं म्हणणं, आता केंद्राच्या फाटकावरच लिहून लावा — सलूनवाले दाढेसाठी आले होते.

हसू येत होतं. मग एकदम येईनासं झालं. तोंडातून निघून गेलं, "आणि दाढेसाठी आला नसतात तर?"

काका दुखऱ्या गालावरून हात फिरवत राहिले.

"तर आलोच नसतो," म्हणाले.

दारापर्यंत गेले आणि वळले. "एकटा बसलो म्हणून दिसलो ना मी. चार-सहा जण बसले असते, तर कोण कशासाठी आलंय ते कुणाच्या बापाला कळलं असतं?"

मी टेबलाशी तशीच बसून राहिले. कुणाच्या बापाला!

१७ फेब्रुवारी

सलूनमध्ये बैठक. काका, बेकरीवाल्या मावशी, आणि निवृत्त हेडसर — अजूनही सगळ्यांकडे वर्गात उशिरा आल्यासारखं बघतात. ठरलं असं — बुधवारी पाळीपाळीने येऊन बाकावर बसायचं. आपापलं काम आणायचं. खरा पेशंट आला की सरकून जागा द्यायची. बस.

मला झोप नाही. ही फसवणूक होते का? डॉक्टरांना फोनवर विचारलं. बाक सार्वजनिक आहे, म्हणाले. मोठ्या बाईंना विचारलं. मी काही ऐकलं नाही, म्हणाल्या — पण हसल्या.

मी एकच नियम घातला. बाकावरच्याला 'तुम्ही का बसलात?' असं कोणी विचारायचं नाही. आत जाऊन आलेल्यालाही नाही, नंतरही नाही.

"घरच्या माणसाने विचारलं तर चालेल?" हेडसर.

"घरच्यानेही नाही." माझा आवाज इतका ठाम निघाला की मीच दचकले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मावशी विणकाम घेऊन. हेडसर शब्दकोडं घेऊन, तेही मोठ्याने सोडवत. बसथांब्यावरचे माना उंचावून बघत होते. औषधाच्या दुकानदाराने तर काउंटरबाहेर येऊन बघितलं.

हिरवी पिशवी वळणापर्यंत आली. एवढी गर्दी बघून परत गेली.

माझंच चुकलं. आता तर ती कधीच येणार नाही.

२४ फेब्रुवारी

आईच्या कानावर गेलंच. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी खाली मान घालून जेवत होते. तर विचारते, इस्त्रीवाल्यांना पाळी मिळते का? दिवसभर उभं राहून पाय गेलेत, फुकट बसायला मिळत असेल तर तिला हवंच आहे.

माझी आई! हे सगळं वेडेपणाचं आहे म्हणेल असं वाटलं होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आजचं सगळं लिहायचंय. नीट लिहिते.

आई गिऱ्हाइकांचे शर्ट आणि बटणांचा डबा घेऊन बसली होती. शेजारी मावशी. हिरवी पिशवी वळणाशी आली. थांबली. मी टेबलाकडेच बघत राहिले. आईने तिच्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. फक्त सरकली. मग सुई पुढे केली. "दोरा ओवून दे गं जरा. मला मेलीला दिसत नाही."

तिने दोरा ओवला. ओवायला बसावं लागलं. बसली ती उठलीच नाही! मावशींनी लोकर तिच्या मांडीवर ठेवली, ती गुंडाळत राहिली. मी "पुढचे" म्हटलं, तेव्हा लोकरीचा गुंडा मावशींना परत दिला, पिशवी उचलली आणि आत गेली.

बराच वेळ आत होती. बाहेर येऊन माझ्या टेबलाशी थांबली. "पुढच्या बुधवारी याच वेळेला ना?"

भांडारात जाऊन दार लावलं आणि दोन्ही हात वर करून उड्या मारल्या. औषधांची खोकी पडली. नंतर सगळी रचून ठेवली.

५ मार्च, बुधवार

आज खरे पेशंट बसणाऱ्यांपेक्षा जास्त! एक बसचालक — हातात स्टिअरिंग धरलं की छाती धडधडते. एक आजोबा, त्यांना सुनेने आणलं. निघताना सूनच म्हणाली, पुढच्या वेळी माझाही नंबर लावा.

हेडसरांनी बाजूला घेतलं. आम्ही बसतोच आहोत, तर आमचीही नावं पेशंट म्हणून चढव, वरच्यांचं तोंड बंद होईल. मी नाही म्हटलं. बसणं खरं आहे, आजार खोटा कसा लिहू? काका म्हणाले, हिला हरिश्चंद्राने शिकवणी दिलेली दिसते. सगळे हसले. मीही. पण आता वाटतंय — माझ्या खरेपणापायी खोली गेली तर?

१२ मार्च, बुधवार

बाक पुरेना! मावशींनी बेकरीतलं बाक पाठवलं. औषधाचे दुकानदार स्वतः येऊन बसले, कपाळावर आठ्या घालून. कशासाठी ते मी विचारलेलं नाही. काकांच्या सलूनमध्येही रांग. अर्धी दाढी सोडून पळालेला परत आला. काकांनी त्याला सगळ्यांच्या शेवटी घेतलं!

संध्याकाळी आईला चष्मेवाल्याकडे नेलं. नंबर तसाच आहे, काही बदल नाही, म्हणाला. मग शर्ट का जळतात? काल दुसरा जळला. आई म्हणाली, इस्त्रीच म्हातारी झाली. दुकानात जाऊन इस्त्री बघायला हवी. राहूनच जातंय.

२६ मार्च, बुधवार

वरचे साहेब स्वतः आले, न सांगता. दोन्ही बाकं भरलेली. एका टोकाला जागा दिसली तशी साहेब टेकले, घाम पुसला, आणि शेजारच्या काकांना विचारलं, तुम्हाला काय त्रास आहे?

मावशींच्या सुया थांबल्या. बसचालकाने वर बघितलं.

"साहेब, इथे ते विचारत नाहीत," काका म्हणाले. "तुम्ही बसा. तुम्हालाही कोणी विचारणार नाही."

माझी नोकरी गेली असं मी धरून चालले. साहेब बसले की हो! चांगला वेळ बसले. रस्त्यावरून माणसं गेली, बस आली, गेली. एकानेही मान वळवली नाही. मग उठले आणि आत जाऊन डॉक्टरांशी बोलले.

मोठ्या बाई धावत आल्या. बुधवार राहिला! वर शुक्रवारही मिळतोय! हेडसरांनी टाळी वाजवली, मग सगळ्या बाकानेच. जिंकलो!! घरी येताना रस्त्यात मी मोठ्याने गाणं म्हणत होते. मी!

२ एप्रिल, बुधवार

आज पाळी काका आणि मावशींची होती. आईची नव्हती.

ती आली. बटणांचा डबा नव्हता. हात मोकळे. मावशी न बोलता सरकल्या. मी "पुढचे" म्हटलं, सगळ्यांना म्हणते तसंच. आई उठली, आत गेली, दार लावून घेतलं.

संध्याकाळी दुकानात आम्ही दोघींनी चादरींच्या घड्या घातल्या. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे.

मी काही विचारलं नाही.