शेवटची दोन प्रकरणं

दिग्रस, ता. ११ मार्च १९६३

ती. सुखीभाभी यांस जमनीचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात माझी चूक झाली. तुम्हाला पाठवलेल्या लढाईच्या कादंबरीत, फौजेला धान्य पोचवायला गेलेला लमाण शेवटी तांड्यावर परततो, असं मी लिहिलं होतं. तो परतत नाही. बापूंनी लेकीला आणि सुनेला घरी वाचायला शिकवलं तेव्हाची सवय तुम्हीही उचललीत: मरणापाशी थांबायचं नाही, चांगली जागा आली की पुस्तक मिटायचं. बैलांच्या घंटा ऐकून त्याची बायको धावत बाहेर येते, तिथे मी मिटलं आणि तोच शेवट धरला. काल वाचनालयातली प्रत पाहिली. पुढे दोन प्रकरणं आहेत. नुसते बैल येतात.

फुलसिंगदादा नोव्हेंबरपासून सरहद्दीवर बेपत्ता असताना मी असं न वाचता सांगायला नको होतं. तरी पुस्तक वाचाच. आपल्या माणसांचं इतकं खरं मी कुठे वाचलं नाही. याडीला मात्र पुढचं ऐकवू नका, आईचं काळीज आहे.

माझ्यावरचा जीव कमी करू नका.

तुमची जमनी


फुलसावंगी तांडा, ता. १६ मार्च १९६३

चि. जमनीस सुखीचे अनेक आशीर्वाद.

उशीर केला बाई तू. तुह्या आईनं घंटा वाजेपर्यंतचं दोनदा ऐकलं, अन् पोरगा येतेच म्हणून बसली. होळीत मानीबाई म्हणे, नवऱ्याचा पत्ता नाही अन् ही लेंगी गाऊन राह्यली. मी म्हटलं, तुह्या नवऱ्याचा पत्ता असून तू कोणती सुखात हायेस. सारा तांडा हसला.

पण मास्तरीणबाई, पुस्तकातल्या लमाणापायी एवढी घाबरली काहून? अन् लग्नापासून तू मले ‘सौ.’ लिहिल्याबिगर कार्ड टाकलं नाही. या खेपेला ते नाही. घाईत राह्यलं असंन. आता लिहिजो.

तब्येत सांभाळ, आमची आठवण ठेव.

सुखी


दिग्रस, ता. २० मार्च १९६३

ती. भाभी यांस जमनीचा नमस्कार.

घाईत राहिलं नाही. लिहायला गेले आणि हात पुढे सरकला नाही. तांड्यावर टपाल उशिरा जातं, म्हणून दादाने पलटणीत माझ्या शाळेचा पत्ता दिला होता. आठ तारखेला सरकारी पत्र आलं. दादा नोव्हेंबरातच गेला. बरोबरच्या दोघांनी पाहिलं, देह मिळाला नाही.

होळी होऊ द्यावी म्हणून गप्प बसले. मग वाटलं, पुस्तकाने तुम्हाला आधी सांगावं. ही माझी चूक पहिलीपेक्षा मोठी. तुम्ही सरळ विचारलंत, आता लपवता येत नाही.

हे एकटीनेच वाचा. याडीला एवढंच सांगा की जमनी येते आहे. सरकारी पत्र मी स्वतः तिला वाचून दाखवीन, मध्ये कुठेही न मिटता. सकाळच्या एस. टी.ने पुसदवरून येते. रविवारी, चोवीस मार्चला.

जमनी