घरच्यांनी दोन शब्द बोलावेत

टीचर, माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, काचेचं स्मृतिचिन्ह, मागे माझा हसरा फोटो छापलेला फ्लेक्स, सगळं रीतसर. तुम्ही असतात तर पहिल्या रांगेत बसून गालातल्या गालात हसला असतात आणि निघताना मला कोपऱ्यात घेऊन काहीतरी टोचून बोलला असतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या कबरीवरच्या क्रॉसला मीच कितीदा तरी रंग दिलाय, तरी आयुष्यात काही बरंवाईट घडलं की ते आधी तुम्हाला सांगावंसं वाटतं. ही सवय तुम्हीच लावलीत. दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की आम्ही पोरं तुमच्या पडवीत जमायचो. आठवडाभर तिथे तुमचा शिवणक्लास चालायचा आणि रविवारी आमचा धर्मशिक्षणाचा वर्ग. मशीन भिंतीकडे सरकवलेलं आहे, जमिनीवर चिंध्या आणि दोऱ्यांचे तुकडे पडलेत, आणि तुम्ही गळ्यातली मापाची टेप न काढताच आम्हाला देवाच्या गोष्टी सांगताय. आमच्यातल्या कुणाकडे पहिल्या कम्युनियनच्या विधीला पांढरा शर्ट किंवा झगा नसेल तर तोही त्याच मशीनवर तयार व्हायचा, आणि कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलायचात.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस आले की फादर मटण सोडायला सांगत. तुमचं म्हणणं, मालवणात मटण सोडून सुरमई खाणाऱ्यांनी त्यागाच्या गप्पा मारू नयेत. एका वर्षी तुम्ही आम्हाला वेगळंच काम दिलंत. प्रत्येकाने गावातल्या कुणासाठी तरी एक चांगलं काम करायचं, आणि ते कुणालाही सांगायचं नाही. चर्चच्या मागे एक आजोबा एकटे राहत, जन्मभर बोटीवर काम करून म्हातारपणी गावी आलेले. झालं असं, की आम्हा सगळ्यांना नेमके तेच सुचले. कुणी कुणाला सांगितलेलं नसल्यामुळे शनिवारी सकाळी आजोबांनी दार उघडलं तेव्हा एकजण अंगण झाडतोय, दोघी विहिरीचं पाणी काढून आधीच भरलेल्या पिंपात ओततायत, एकजण नीट रचलेली लाकडं पुन्हा रचतोय आणि मी फुटकी कौलं बदलायला म्हणून छपरावर चढून चांगली कौलं फोडतोय. आजोबा पंचा सावरत तडक तुमच्या पडवीत आले. आम्ही त्यांच्या मागे रांगेत. "टीचर, तुमच्या पोरांका सांगा," ते म्हणाले, "माका तेंचा पुण्य नको. माका झोप व्हयी." तुम्ही पदर तोंडाला लावलात, पण हसू काही आवरेना, आणि शेवटी आजोबाही हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र तुम्ही हसत नव्हतात. "काल सकाळी आपल्या आवशीक पाणी कोणी काडून दिला?" तुम्ही विचारलंत. एकही हात वर गेला नाही. आमच्या आयांनी आपापलं पाणी स्वतःच काढलं होतं. तुम्ही चिडला नाहीत. "येशू दिवसभर लोकांका बरा करी," तुम्ही म्हणालात, "आणि मगे एकटोच डोंगरार जाऊन प्रार्थना करी. तुमका गाव बरोबर दिसलो. डोंगर खंय गेलो?" तुमच्या पडवीसमोर समुद्र होता, डोंगर पार तिकडे वैभववाडीच्या वर, त्यामुळे बरेच दिवस मला तो प्रश्न भूगोलाचाच वाटत होता. पुढे कधीतरी उमगलं की लोकांच्या उपयोगी पडणं हे देवाच्या कामातलं अर्धं, आणि टाळी वाजवायला कुणी नसताना आपण कसे वागतो हे उरलेलं अर्धं. उमगलं म्हणजे डोक्याला उमगलं. अंगात उतरायला काय लागतं ते तुम्ही करून दाखवलंत, आमच्याच स्वयंपाकघरात.

एका रविवारी प्रार्थना चालू असताना कुणीतरी बोललं होतं. तुम्ही सगळ्यांदेखत मला उभं केलंत आणि चांगलं फैलावर घेतलंत. बोललेला मी नव्हतो. खरं म्हणजे नेहमी मीच असायचो, त्यामुळे तुमची काही चूक म्हणता येणार नाही. संध्याकाळी आई चुलीपुढे बांगडे तळतेय, मी कोपऱ्यात बसून गृहपाठाशी झटापट करतोय, आणि मागच्या दाराने तुम्ही आत येता. आई लगबगीने पाट शोधायला लागते, तर तुम्ही सरळ माझ्यासमोर जमिनीवर बसता. "तुका सकाळी मी उगाच बोललंय," तुम्ही म्हणता. "तू बोलूक नाय होतंस, माका मागसून कळला. माका माफ कर." मी दहा-अकरा वर्षांचा. माझी कुणी कधी माफी मागितली नव्हती, तेव्हा उत्तर काय द्यायचं असतं तेच मला ठाऊक नव्हतं. आईच्या हातातला कालथा तर तसाच राहिला. "टीचर, माफी कसली मागतात? तेका आणखी दोन लावा," ती म्हणाली. तुम्ही मान हलवलीत. "चूक माझी आसा गो. मोठ्या माणसान केली म्हणान ती ल्हान होणा नाय." तोवर बांगडे करपले होते. तुम्ही आमच्याबरोबर तेच करपलेले बांगडे खाऊन गेलात, आणि त्या दिवसापासून तुम्ही सांगाल ते मला खरं वाटायला लागलं.

आता मी कसा निघालो ते सांगतो. माझी व्हॅन आहे. पाहुण्यांना तारकर्लीला, तोंडवलीच्या किनाऱ्यावर, स्टेशनला ने-आण करतो. गावात कुणी आजारी पडलं की फोन मला येतो. बाळंतीण असो, छातीत दुखणारा असो, झाडावरून पडलेला असो, कुणाच्याही घरचा असो, मी हातातलं भाडं सोडून जातो. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेतो, जास्त असलं तर गोव्याला. वाटेत मी त्यांच्याशी असा काही गोड बोलतो की विचारू नका. "घाबरू नकात, पोचलंव आपण," असं मी हॉस्पिटल अजून तासभर लांब असताना, इन्सुलीपासूनच म्हणायला लागतो. बायको नातेवाईकांसाठी पेजेचा डबा भरून देते, तोही मीच मोठ्या मायेने पुढे करतो. दारूला शिवत नाही, पाहुण्यांना लुबाडत नाही, मिस्सा चुकवत नाही. म्हणून मी धरून चाललो होतो की तुमच्या प्रश्नपत्रिकेतले दोन्ही प्रश्न मी सोडवले. आणि हाच माणूस घरात पाऊल टाकतो तेव्हा किल्ली जागेवर नसली की ओरडतो. चहा निवला की ओरडतो. मोबाइलचा चार्जर कुणी हलवला तर छपरावरची मांजरं पळतात. बायको एकदा शांतपणे म्हणाली होती, "माका गोड उत्तर व्हया आसात तर आजारीच पडाक व्हया." मी त्यावर हसलो होतो, आणि लगेच टॉवेल ओला का म्हणून ओरडलो होतो.

नाताळ तोंडावर असताना आमचे फादर घरी आले. वसईकडचे आहेत, तरुण, उत्साही, शुद्ध मराठी बोलतात. चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, माझा सत्कार करायचं ठरलंय म्हणाले. मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणायचं राहून गेलं. मग ते म्हणाले, "यंदा आपण एक नवीन पद्धत सुरू करतोय. बाहेरच्यांनी कौतुक करायचं ते करतीलच, पण शेवटी घरच्यांनी दोन शब्द बोलावेत. वहिनी, तुम्ही बोलाल ना?" बायको चहाचे कप उचलत होती. ती कपांकडे बघत म्हणाली, "बोलेन की." टीचर, मी गोव्यापर्यंत माणसं नेली आहेत, पण असा कधी घाबरलो नव्हतो.

त्या दिवसापासून मी घरात सुधारलो. खोटं कशाला सांगू, भीतीने सुधारलो. किल्ली मीच खुंटीला लावायला लागलो. निवलेला चहा गोड मानून प्यायलो. संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला फोन बाजूला ठेवून बसलो. एके सकाळी बायको माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली. "डॉक्टराकडे जाऊया काय?" तिने विचारलं. "कशाक?" "आठवडो झालो, तुमी आरडूक नाय." मी म्हटलं, काही नाही, वय झालं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी माझा कप विसळायला घेतला. मध्ये एकदा हळूच विचारूनही पाहिलं, फेस्ताला काय बोलतलंस. "जा सुचात ता," ती म्हणाली आणि नारळ खवत राहिली. नाताळच्या नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं सारण होतं. या नाताळात मी सारणही ढवळलं.

फेस्ताचा दिवस. चर्चच्या पटांगणात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, अर्धा गाव आलेला. ज्यांना कधीकाळी व्हॅनमधून नेलं होतं ते एकेकजण उठून बोलले. एका आजीने तर मला स्टेजवर येऊन कुरवाळलं. मी ऐकत होतो, पण नजर सारखी बायकोकडे. मग फादरांनी तिचं नाव पुकारलं. ती आली, माइक हातात घेतला आणि ऑफिसात बोलावं तसं नीट मराठीत बोलायला लागली. "हे गावासाठी काय करतात ते तुम्ही सांगितलंत. ते सगळं खरं आहे. घरात कसे आहेत, ते मला विचारलंय." एवढं म्हणून ती थांबली. "गेला महिनाभर आमच्या घरात आवाज चढलेला नाही. चहा उशिरा झाला तरी नाही. म्हणून माझी कमिटीला नम्र विनंती आहे, की ह्यांचा सत्कार दर महिन्याला ठेवावा."

मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. फादरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. बायकांच्या बाजूने तर टाळ्या थांबेनात, त्यावरून आमचंच घर एकटं नव्हे हेही कळलं. मीही हसलो. सुटलो, असं वाटलं. थोडक्यात भागवलं हिने.

घरी परतताना व्हॅनमध्ये आम्ही दोघंच. ती शाल पांघरून बसली होती, मी अजून हसतच होतो. "भियाललात मा?" तिने विचारलं. "भियालंय," मी म्हटलं. "मी बगीत होतंय," ती म्हणाली. "सगळो वेळ तुमी नुसते माझ्या तोंडाकडे बगत होतात, ही आता काय बोलता म्हणान." मी मान डोलावली. ती काचेतून समोर बघत होती, आवाजात राग अजिबात नाही. "लगीन झाल्यापासून मी तशीच बगतंय. तुमी भायरसून इलात की आदी तुमच्या तोंडाकडे. आज वारो खंयचो आसा ता कळाक."

टीचर, आयुष्यभर मी परक्या माणसांना घाबरू नका म्हणत आलो, आणि माझ्या घरातलं माणूस रोज माझ्याच पावलांचा आवाज आला की सावध होत होतं. मला फार वाईट वाटलं. लाजही वाटली. पण तिने ते इतक्या साधेपणाने सांगितलं होतं, आणि पुढच्याच वळणावर "भाकऱ्येचा पीठ संपला हा, दुकानाकडे थांबा," असंही म्हणाली, की रडायलाही सवड मिळाली नाही. मी दुकानाकडे थांबलो आणि पीठ घेतलं. ती परत गाडीत बसली तेव्हा एवढंच म्हटलं, की इतकी वर्षं माझं चुकलं. तिने पिठाची पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "चला आता."

आता फेस्त उलटून बरेच दिवस झाले, पुढचा सत्कार काही कमिटीने ठेवलेला नाही. व्हॅन अंगणात लावली की मी लगेच घरात शिरत नाही. इंजिन बंद करून प्रभूची प्रार्थना म्हणतो, तीही सावकाश, आणि मगच चपला काढतो. दोनदा तरीही ओरडलो. एकदा त्याच संध्याकाळी चूक कबूल केली, एकदा दुसऱ्या दिवसावर गेली. बायको अजून बघते, मी आलो की आधी चेहऱ्याकडे. इतक्या वर्षांची सवय, ती एका प्रार्थनेने कशी जाणार. काल दुपारी मात्र तिने ताट वाढलं, आमटी ओतली आणि म्हणाली, "मीठ जास्त पडला हा, गप जेवा." असं म्हणून ती तव्यावरचे मासे उलटायला वळली. माझ्याकडे बघितलंच नाही, टीचर. मी काय म्हणतो हे बघायला थांबलीसुद्धा नाही.

हे सांगायला दुसरं माणूस सुचेना म्हणून लिहायला बसलो. पाठवायचं तर पत्ता नाही, आणि फादरांना दाखवलं तर ते रविवारच्या प्रवचनात घालतील, तेव्हा हे कुठे जाणार नाही. पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. आमटी फारच खारट होती, आणि मी गप्प जेवत होतो तेव्हा आतून चांगलाच तापलेला होतो.