पू. म्हणजे पूर्व

नकाशेवाल्या,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. बाथरूमचा नळ घट्ट पिळ, नाहीतर रात्रभर टपटपतो.

मी ताईच्या नव्या घरी चाललेय. काल तिच्याकडेच निघाले होते. नकाशात ‘पू. नदी रस्ता’ लिहिलंय. मोबाइलमधल्या तुमच्या रस्ता सांगणाऱ्या बाईनं ‘पू.’चं ‘पूल’ केलं आणि मला पुलापलीकडच्या बंद गोदामांपाशी नेऊन सोडलं. अंधारून आलेलं, आसपास चिटपाखरू नाही. स्कूटर उभी करून तुला फोन केला. तू म्हणालास, "पू. म्हणजे पूर्व. थांब, चूक नोंदवून घेतो." आणि फोन ठेवलास. कुठे आहेस, घरी कशी येशील, एका शब्दानं विचारलं नाहीस.

दिवसभर ऑफिसात बसून रस्त्यांची तुटकी नावं पूर्ण करतोस. घरी आलास की माझ्या वाट्याला ‘हं’ आणि ‘बघू’. त्यांचा अर्थ मी एकटीनंच किती दिवस लावत बसायचा?

भांडायचं नाहीये मला. या घरात माझाच आवाज ऐकून कंटाळले, एवढंच.

ताईचा पत्ता पूर्ण लिहिते: पूर्व नदी रस्ता, बेकरीच्या वर, दुसरा मजला. हवा तर तपासून बघ. पण काही नोंदवत बसू नकोस. नुसता ये.